मुलींच्या बास्केटबॉलचा पाया कोण घालणार?

भारतीय महिला बास्केटबॉलला २०१७ हे वर्ष सुखद ठरले. जुलैमध्ये बेंगळूरु येथे वरिष्ठ संघाने आशिया चषकाच्या ‘ब’ गटातील अंतिम सामन्यात कझाकस्तानला ७५-७३ असे नमवून ‘अ’ गट गाठला. ऑक्टोबरमध्ये त्याच शहरात सोळा वर्षांखालील मुलींनी आपल्या वयोगटात ‘ब’ गटाचे विजेतेपद मिळवले. पुढे काय झाले? ‘अ’ गटात वरिष्ठ संघ २०१९ आणि २०२१ या दोन्ही वेळी आठ संघांत आठवा आला आणि पुन्हा खाली घसरला. त्यामुळे कुमारी संघाला मिळालेले पदक हे त्याच्या प्रगतीचे पुरेसे माप आहे काय, हा प्रश्न विचारावाच लागतो.

दुबळ्या प्रतिस्पर्ध्यापुढे उंची आणि वेग पुरतात. बलाढ्य संघ मात्र पहिल्या मिनिटापासून दबाव आणतो आणि तेव्हाच मूलभूत कौशल्यांची परीक्षा होते. आठ सेकंदांत चेंडू मध्यरेषेपलीकडे नेताना डावा हात उजव्याइतकाच विश्वासार्ह आहे का? सहकारी चकली, तर दुसरी खेळाडू तिच्या मदतीला वेळेत धावते का? रिबाउंडसाठी उडी मारण्याआधी प्रतिस्पर्ध्याला पाठीने अडवले जाते का? संघाच्या गुणसंख्येपेक्षा या प्रश्नांची उत्तरे अधिक बोलकी असतात.

उंचीची सबब आता फारशी टिकत नाही. तुलनेने बुटक्या जपानी महिलांनी टोक्यो ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक जिंकले, ते वेगवान पास, अचूक दूरचे फटके आणि अखंड सांघिक हालचाल यांच्या बळावर.

आपल्याकडे अडचण मुलींच्या जिद्दीची नाही, व्यवस्थेच्या प्रोत्साहनाची आहे. सामान्य घरातील मुलीसाठी बास्केटबॉल म्हणजे रेल्वेतील किंवा एखाद्या सार्वजनिक उपक्रमातील नोकरीची वाट. निवडकर्त्यांच्या नजरेत भरतात ते तिने नोंदवलेले गुण. तिने दिलेला नेमका पास सहसा विसरला जातो. मग सांघिक खेळाचा आग्रह तिने कशासाठी धरावा? त्यातच वय लपवून खेळण्याच्या प्रकारांमुळे वाढीचे शरीर कौशल्यावर मात करते आणि खरी किशोरवयीन खेळाडू बाकावर राहते. याविरुद्ध केंद्राची संहिता २०१० पासून अस्तित्वात आहे. प्रश्न अंमलबजावणीचा आहे.

राष्ट्रीय शिबिरातील काही आठवडे ही उणीव भरून काढू शकत नाहीत. भिलाईत दिवंगत प्रशिक्षक राजेश पटेल यांनी वर्षानुवर्षे एकाच मैदानावर मुली घडवल्या आणि छत्तीसगडसारख्या नव्या राज्याला राष्ट्रीय पातळीवर स्थान मिळवून दिले. मात्र तो एका व्यक्तीचा ध्यास होता, धोरणाचे फलित नव्हे.

धोरणाने तीन गोष्टी कराव्यात. प्राथमिक शाळांत लहान चेंडू आणि ३.०५ मीटरऐवजी २.६० मीटर उंचीची बास्केट द्यावी, म्हणजे योग्य तंत्र लहान वयातच रुजेल. जिल्हा पातळीवर पूर्णवेळ प्रशिक्षक, विशेषतः महिला प्रशिक्षक नेमावेत. आणि निवड करताना गुणांबरोबरच गमावलेले चेंडू, यशस्वी पास व बचाव यांची नोंद जाहीर करावी.

सोळा वर्षांखालील मुलींची पहिली आशियाई स्पर्धा २००९ मध्ये पुण्यात झाली होती. यजमानपद आपल्याला चांगले जमते. संघ घडवण्याचे काम मात्र प्रेक्षागृह रिकामे असताना, दहा-बारा वर्षांच्या मुलींच्या रोजच्या सरावातच होते.