रक्तदाबाचे मूळ आणि वसईचे मीठ

उच्च रक्तदाब या एकाच नावाखाली अनेक भिन्न विकार नांदत असतात. कोणाच्या मूत्रपिंडांना मीठ बाहेर टाकणे जड जाते, कोणाच्या अधिवृक्क ग्रंथींतून अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक प्रमाणाबाहेर स्रवते, कोणाचा दाब स्थूलतेपायी चढतो, आणि दंडाला पट्टा गुंडाळून घेतलेला आकडा मात्र तिघांचाही सारखाच भरतो. या आकड्यामागील कारण हुडकण्यासाठी रक्तातील वा लघवीतील शेकडो चयापचयजन्य द्रव्यांचा एकत्र जमाखर्च मांडण्याची जी पद्धती अलीकडे विकसित झाली आहे, ती म्हणूनच स्वागतार्ह होय.

'इंटरमॅप' या संशोधनात चीन, जपान, ब्रिटन व अमेरिका या देशांतील ४,६३० स्त्रीपुरुषांच्या चोवीस तासांच्या लघवीचे याच पद्धतीने पृथक्करण झाले, आणि २००८ साली 'नेचर' नियतकालिकात त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो असा की, ज्यांच्या लघवीत फॉर्मेट हे द्रव्य अधिक त्यांचा रक्तदाब कमी, व ज्यांच्या लघवीत ॲलनीन अधिक त्यांचा जास्त. फॉर्मेटचा संबंध मूत्रपिंडातील क्लोराइडच्या पुनःशोषणाशी असल्याने मिठाचा जुना प्रश्न येथे नव्या रूपाने उभा राहिला.

परंतु त्या चार देशांत भारत नव्हता. अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातील खारवलेली मासळी, वाडवळ व कुपारी समाजांतील बागाईतदारांची केळी, नालासोपाऱ्याच्या चाळीतून पहाटेची लोकल गाठणाऱ्या चाकरमान्याचा वडापाव, असे परस्परभिन्न आहार ज्या एका तालुक्यात नांदतात, त्या वसईइतके सोयीचे संशोधनक्षेत्र दुसरीकडे शोधण्याचे कारण नाही. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी आपल्याच देशातील रुग्णांवर सर्पगंधेचा रक्तदाब उतरविण्याचा गुण पारखून १९४९ साली तो 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मधून जगापुढे मांडला, हा दाखला आपल्यासमोर आहेच.

तथापि सहसंबंध म्हणजे कारण नव्हे, आणि अशा तपासणीवरून औषध ठरविण्याइतके हे शास्त्र अद्याप परिपक्व झालेले नाही. अपवाद रेनिन व अल्डोस्टेरॉन यांच्या प्रमाणाच्या चाचणीचा, जी औषधांना न जुमानणाऱ्या रक्तदाबात आजही उपयोगी पडते. तेव्हा महागड्या तपासण्यांच्या जाहिरातींना भुलू नये. सरकारने वसईत सार्वजनिक खर्चाने असे संशोधन करण्याची तजवीज करावी, महानगरपालिकेने प्रत्येक दवाखान्यात रक्तदाबाचे दप्तर चोख ठेवावे. आणि वाचकांनी दिवसाचे मीठ पाच ग्रॅमांच्या आत ठेवून, वैद्यांच्या सल्ल्यावाचून चालू गोळी कदापि बंद करू नये.