हुकूम बादशहाचा, अंमल कोणाचा?

फ्रान्सचा राजा चौदावा लुई आणि त्याचा समकालीन औरंगजेब यांना एकाच तागडीत घालून, दोघांच्याही कारकिर्दीतून ‘एकमुखी सत्तेचे सामर्थ्य’ सिद्ध करू पाहणारा एक सिद्धांत सोलापूरच्या व्यासपीठांवरून अधूनमधून मोठ्या आत्मविश्वासाने मांडला जातो. सिद्धांत सुटसुटीत आहे. लुईने उपद्व्यापी सरदारांना व्हर्सायच्या राजवाड्यात आणून बसवले, औरंगजेबाने भीमाकाठी ब्रह्मपुरीला तंबू ठोकून काबूलपासून जिंजीपर्यंतचा कारभार हाकला, दोघांच्याही शब्दापुढे दुसऱ्या कोणाचा शब्द नव्हता, म्हणून राज्ये चालली. आणि ज्या दिवसापासून दहाजणांना विचारून राज्य करण्याची खोड जडली, त्या दिवसापासून सगळा विचका झाला. यावर सोलापूरकरांना गोंजारण्यासाठी एक शेपूटही जोडलेले असते, ते असे की साडेचार वर्षे हिंदुस्थानची राजधानी याच जिल्ह्यात होती. सिद्धांताच्या पुरस्कर्त्यांना टाळी कुठे पडते हे अचूक कळते, यात शंका नाही. प्रश्न आहे तो पुराव्याचा.

प्रथम शब्दाचा निकाल लावलेला बरा. युरोपीय इतिहासात ज्या राजवटीला अनियंत्रित किंवा निरंकुश राजेशाही म्हणतात, तिच्या मूळ लॅटिन संज्ञेचा अर्थ ‘मोकळा केलेला’, म्हणजे माणसांनी केलेल्या कायद्याच्या बंधनातून मोकळा, असा आहे. मात्र ही संज्ञा वापरणारे त्या काळचे फ्रेंच विधिज्ञदेखील राजाला ईश्वरी नियमांतून आणि राज्याच्या मूलभूत नियमांतून मोकळा मानत नसत. गादी कोणाला मिळावी हे ठरवण्याचा अधिकारसुद्धा राजाला नव्हता, ती वारसाहक्काच्या जुन्या नियमानेच जाई. मराठीतला ‘निरंकुश’ हा शब्द हत्तीवरून आला आहे, आणि माहुताच्या हाती अंकुश नसला म्हणजे हत्ती हवे तिथे जातो हे खरे असले, तरी तो चाऱ्यावाचून जात नाही, हे शब्द वापरणाऱ्याच्या ध्यानात राहत नाही.

प्रतिपक्षाचे दोन मुद्दे ओळीभरात संपतात. व्हर्सायचे वैभव हा पुरावा मानायचा, तर १६८९ साली युद्धखर्चासाठी त्याच राजवाड्यातील चांदीचे सामान वितळवून नाणी पाडावी लागली, हाही पुरावाच आहे. दोघेही दीर्घकाळ गादीवर राहिले, लुई बहात्तर वर्षे आणि औरंगजेब जवळजवळ एकोणपन्नास, हे खरे. पण दीर्घायुष्य हा प्रकृतीचा गुण आहे, राज्यपद्धतीचा नव्हे.

खरा आक्षेप निराळा आहे, आणि त्याच्याकडे प्रतिपक्ष फिरकतच नाही, कारण तिकडे फिरकले की व्याख्यानाचे उत्तरार्धातले सगळे टाळ्यांचे थांबे रद्द होतात. हुकूम आणि अंमल या दोन वेगळ्या वस्तू आहेत. हुकूम कागदावर उमटतो, अंमल शिवारात बसतो. आणि त्या दोहोंमध्ये जी माणसे उभी असतात ती राजाची असतात की स्वतःची, यावर राज्य कोणाचे हे ठरते. दख्खनमध्ये ही माणसे म्हणजे वतनदार. परगण्याचे देशमुख आणि देशपांडे, गावचे पाटील आणि कुलकर्णी यांचे हक्क वंशपरंपरेने चालत. वसुलाची जबाबदारी, गावाची माहिती, शिवारांच्या सीमा, कोणाकडे किती बाकी, हे सगळे त्यांच्या दप्तरात आणि त्याहून अधिक त्यांच्या डोक्यात असे. बहमनी गेली, आदिलशाही गेली, मोगल आले, तरी देशमुखाचा वाडा जिथल्या तिथे राहिला. नव्या राजाला वतन जप्त करता येई, पण जप्त करून द्यायचे कोणाला, तर त्याच्या भाऊबंदाला. म्हणजे पुन्हा तेच घर. लोकांनी बादशहा पाहिला नव्हता, देशमुख मात्र रोज पाहिला होता.

हे केवळ दख्खनचे मागासलेपण असे म्हणून कोणी सुटू पाहील, तर त्याने लुईच्या फ्रान्सकडे नीट पाहावे. तेथे न्यायाधीशाची, खजिनदाराची, करवसुली अधिकाऱ्याची पदे विकत मिळत, आणि १६०४ पासून पदाच्या ठरलेल्या किमतीचा साठावा हिस्सा दरसाल सरकारात भरला की ते पद मुलाकडे वारसाने जाई. ज्याला मराठी माणूस वतन म्हणेल, त्याहून ही वस्तू फारशी निराळी नव्हती. फरक इतकाच की तिथे पावती मिळत असे. राजाला असा अधिकारी नकोसा झाला तर त्याला पदाची किंमत परत करावी लागे, आणि तेवढा पैसा राजाजवळ कधीच नसे. उलट युद्धे वाढली तशी लुईच्या मंत्र्यांनी विकण्यासाठी नवनवी पदे निर्माण केली, आणि त्यांत प्रेतयात्रेची दवंडी देणाऱ्याचेही पद होते. राजाने थेट नेमलेले आणि हलवता येणारे प्रांताधिकारी होते, नाही असे नाही. पण सुमारे दोन कोटी लोकांच्या देशात त्यांची संख्या तीसच्या आसपास होती, आणि लांग्दोक किंवा ब्रिटनी यांसारख्या प्रांतांत कर किती द्यायचा यासाठी तेथील प्रांतिक सभांशी वाटाघाटी कराव्याच लागत. ज्याच्या शब्दापुढे कोणाचा शब्द नव्हता, तो राजा घासाघीस करीत होता.

आता ब्रह्मपुरी. विजापूरच्या वेढ्याच्या वेळी, १६८५-८६ मध्ये, औरंगजेबाचा मुक्काम खुद्द सोलापुरात होता. पुढे १६९५ च्या मे महिन्यापासून १६९९ च्या ऑक्टोबरपर्यंत तो आजच्या मंगळवेढा तालुक्यात, माचणूरच्या किल्ल्यालगत, भीमेच्या काठी राहिला. तेथे येण्यापूर्वी, त्याच वर्षी मार्च महिन्यात, गलगल्याच्या छावणीत जेमेल्ली कारेरी नावाचा इटालियन प्रवासी येऊन गेला. त्याने छावणीत पाच लाख माणसे आणि अडीचशे बाजार असल्याचा अंदाज लिहून ठेवला, आणि वृद्ध बादशहा लोकांचे अर्ज चष्म्यावाचून स्वतः वाचून त्यांवर स्वतःच्या हाताने शेरा लिहितो हेही नोंदवले. हे दृश्य प्रतिपक्षाला फार आवडते. सत्त्याहत्तरीकडे झुकलेला बादशहा स्वतः अर्ज वाचतो, केवढी ही कर्तव्यनिष्ठा! कर्तव्यनिष्ठा होतीच. पण शेरा मारलेला तो कागद छावणीबाहेर पडल्यावर त्याचे काय होई, हे विचारायला नको काय?

ब्रह्मपुरीच्या त्या वर्षांतच त्याचे उत्तर मिळते. १६९५ च्या अखेरीस संताजी घोरपड्यांनी दोड्डेरी येथे कासिमखानाची फौज कोंडून नामोहरम केली, आणि पुढच्याच जानेवारीत हिंमतखान त्यांच्याशी लढताना पडला. बादशहाच्या सेनापतींना संताजी आवरले नाहीत. ते १६९७ मध्ये मारले गेले, ते म्हसवडच्या नागोजी माने देशमुखांकडून, आणि त्यामागे बादशहाचे फर्मान नव्हते, तर संताजींनी नागोजींच्या मेहुण्याला दिलेल्या देहदंडाचा कौटुंबिक सूड होता. हे नागोजी आधी मोगलांचे मनसबदार, मग जिंजीला मराठ्यांकडे, मग पुन्हा मोगलांकडे, असे फिरलेले होते. साम्राज्याचा सर्वांत भयंकर शत्रू एका वतनदाराच्या घरगुती वैराने संपतो आणि त्याचे शिर छावणीत आल्यावर बादशहा समाधान मानतो. याला निरंकुश सत्ता म्हणायचे असेल तर शब्दकोशच नवा छापावा लागेल. जिंजीचा वेढा तर आठ वर्षे रेंगाळला, आणि वेढा घालणारा खानच शत्रूशी आतून संधान बांधून आहे, अशी कुजबुज छावणीत उघड चालत असे. १६९९ नंतर बादशहा स्वतः गड घ्यायला निघाला. तोरणा लढून घेतला; बाकीच्यांची कथा बहुतांशी सौद्याची आहे. विशाळगडासमोर सहा महिने घालवल्यावर दोन लाख रुपये मोजून किल्ला रिकामा करून घेण्यात आला. बादशहा पुढच्या गडाकडे गेला की मागचा गड पुन्हा मराठ्यांकडे जाण्याची वाट पाहू लागे, आणि त्यांतले काही त्याच्या हयातीतच गेलेही.

या संदर्भात सांगोला तालुक्यातील खवासपूरची रात्र सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. १७०० च्या ऑक्टोबरच्या आरंभी छावणी माण नदीच्या कोरड्या पात्रात आणि आसपास पडली होती. डोंगरात पाऊस झाला आणि रात्री अचानक लोंढा आला. आरडाओरडा ऐकून मराठे छावणीत शिरले असावेत असे बादशहाला वाटले, तो घाईने उठला, अडखळून पडला आणि त्याचा उजवा गुडघा निखळला. ब्याऐंशीच्या उंबरठ्यावरचा तो पाय पुन्हा नीट बसलाच नाही. तेव्हा दरबारी मंडळींनी, हा तर तैमूरलंग या पूर्वजाचा वारसा, असे म्हणून त्या लंगडेपणाचेही कौतुक केले. पाणी की मराठे, एवढी साधी बातमी ज्याच्यापर्यंत धड पोचत नाही, त्याच्यापर्यंत परगण्याची खरी बाकी पोचत होती असे मानायला फार मोठी श्रद्धा लागते.

वादाच्या ओघात ‘राज्य म्हणजे मीच’ हे लुईचे वाक्यही दरवेळी काढले जाते, आणि ते त्याने उच्चारल्याचा समकालीन पुरावा नाही हे दरवेळी दाखवून द्यावे लागते. या जुन्या वादात आता दोन्हीकडची दमछाक झाली आहे, म्हणून तो येथेच सोडलेला बरा. त्याहून महत्त्वाची गोष्ट बर्नियेची. फ्रान्स्वा बर्निये हा फ्रेंच वैद्य औरंगजेबाच्या काळात अनेक वर्षे हिंदुस्थानात राहिला, आणि परतल्यावर त्याने लुईचा अर्थमंत्री कोल्बेर याला उद्देशून एक दीर्घ पत्र लिहिले. हिंदुस्थानात सगळ्या जमिनीचा मालक एकटा बादशहा आहे, म्हणून तो देश उजाड होतो आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. गावोगावच्या मिरासदारांना, म्हणजे कसणुकीचा वंशपरंपरागत हक्क असलेल्या शेतकऱ्यांना, आणि वतनदारांना हे ऐकून हसू आले असते. पण याच कल्पनेवर पुढे युरोपने दोन पेट्या केल्या; आपल्या राजांची ती राजेशाही, पौर्वात्य राजांची ती जुलूमशाही. प्रतिपक्षाने ही पेटी उचलली आणि तिच्यावरचे लेबल फक्त बदलले. जिथे ‘जुलूम’ लिहिले होते तिथे ‘शिस्त’ लिहिले. आतला माल तोच, आणि तेव्हाही तो खोटाच होता.

मंगळवेढ्याचाच दाखला हवा असेल, तर बादशहाच्या तंबूत डोकावण्याआधी दामाजीपंतांची संतकथा आठवावी. बेदरच्या बहमनी सुलतानाचा हा अंमलदार दुष्काळात राजाच्या परवानगीवाचून सरकारी कोठारे उघडतो. कथेतला पुढचा चमत्कार भाविकांसाठी आहे. पण कोठाराची किल्ली सुलतानाकडे नसून मंगळवेढ्याच्या अंमलदाराकडे असते, हे कथा रचणाऱ्या लोकांना पक्के ठाऊक होते. व्याख्यात्यांना ते ठाऊक नसावे, हे चमत्काराहून आश्चर्याचे.

मग मंडन काय? इतकेच, की सत्तेची मोजणी गादीपासून खाली न करता गावापासून वर करावी. सतराव्या शतकातले राज्य ही एक अखंड चाललेली देवाणघेवाण होती, आणि जो ती ओळखून वागला त्याचे राज्य टिकले. शिवाजी महाराजांनी वतनदारांचे हात आखडते ठेवून चाकरी शक्यतो रोख पगारावर ठेवली, ती या देवाणघेवाणीचे भान असल्यामुळेच. १६८९ नंतर तर मराठ्यांकडे एकमुखी सत्ता नावालाही नव्हती. राजा दूर जिंजीला, इकडे रामचंद्रपंत अमात्य, रानात संताजी-धनाजी, आणि १७०० मध्ये राजारामांच्या मृत्यूनंतर ताराबाई. तरी लढा चालला, कारण तो एका मुखावर अवलंबून नव्हता. याची किंमत रयतेने मोजली, हे लपवण्याचे कारण नाही. न जिंकलेल्या मुलखाच्या सनदा वाटल्या गेल्या, एकाच गावाकडून दोन्ही बाजूंनी वसूल घेतला गेला, आणि १७०२ पासूनच्या दुष्काळाने आणि रोगराईने दख्खन होरपळून निघाली. फ्रान्समध्येही १६९३-९४ च्या दुष्काळात दहा लाखांहून अधिक माणसे मेली, तेव्हा त्या राज्यात एकच मुख होते.

दोघांचे शेवटही तपासून पाहावेत. औरंगजेब १७०७ मध्ये अहमदनगरच्या छावणीत वारला, आणि मुलांनी राज्य वाटून घ्यावे ही त्याची इच्छा त्याच वर्षी जाजऊच्या रणांगणावर निकालात निघाली. लुईने १६७३ मध्ये पॅरिसच्या पार्लमेंटचे, म्हणजे तेथील वरिष्ठ न्यायसभेचे, हुकूम नोंदवण्याआधी हरकत घेण्याचे तोंड बंद केले होते. तो १ सप्टेंबर १७१५ ला वारला आणि २ सप्टेंबरला त्याच न्यायसभेने त्याचे मृत्युपत्र फिरवले. एक दिवससुद्धा थांबावे लागले नाही.

राजाला सर्वांत स्वस्तात देता येणारा हुकूम म्हणजे नाव बदलण्याचा. त्याला फौज लागत नाही की रक्कम. त्या मोहिमांत साताऱ्याचे आझमतारा झाले, सिंहगडाचे बक्षिंदाबक्ष झाले, विशाळगडाचे सखरलाना झाले, आणि साडेचार वर्षांच्या त्या राजधानीचे इस्लामपुरी झाले. भीमेकाठचे ते गाव आजही ब्रह्मपुरीच आहे.