साप साप म्हणून भुई धोपटणारे सिनेमे

मंडळी, आज जरा भांडायचंय. एरवी मी इथे आठवणी लिहिते नाहीतर पुस्तकांविषयी लिहिते, त्यामुळे "बाईंना आज अचानक अ‍ॅनाकोंडा का आठवला?" असं काहींना वाटेल. पण सुट्टीत पुण्याहून येणाऱ्या भाचे-नातवंडांच्या मोबाईलवर, शेजारच्यांच्या टीव्हीवर, सलूनमध्ये, सगळीकडे एकच प्रकार चाललेला दिसतो. घनदाट जंगल, धो धो पाऊस, वाट चुकलेली आठ-दहा माणसं, आणि त्यांना एकेक करून गिळणारा आगगाडीएवढा साप.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. शाळेत मुलांना निबंध लिहायला मी असंच शिकवायचे. हे सिनेमे भिकार आहेत म्हणून माझा त्यांच्यावर राग नाही. भिकार सिनेमे आम्हीही आमच्या तरुणपणी पैसे देऊन पाहिलेत! माझा राग आहे तो ते चुकीच्या सापाची भीती घालतात म्हणून. आणि चुकीच्या सापाची भीती आमच्यासारख्या गावात माणसाच्या जिवावर बेतते.

आधी या सिनेमांचं गणित बघू. मी मराठीची शिक्षिका, पण एवढं गणित मलाही येतं. मोठा अजगर किंवा अ‍ॅनाकोंडा एकदा पोटभर जेवला की काही आठवडे, कधी काही महिनेसुद्धा पुन्हा खात नाही. सिनेमातला साप दीड तासात सहा-सात माणसं खातो आणि तरी भुकेलाच! खऱ्या अ‍ॅनाकोंडाचं वजन जमिनीवर त्यालाच जड होतं, म्हणून तो बराच वेळ पाण्यात असतो. सिनेमातला साप जीपगाडीला मागे टाकतो. सापाला स्वरतंतू नसतात, तो फार तर फुत्कारतो. सिनेमातला साप किंचाळतो! १९९७ च्या 'अ‍ॅनाकोंडा'मधली ती किंचाळी फ्रँक वेल्कर या कलाकाराची आहे, आणि कार्टूनमधल्या प्राण्यांना आवाज देणं हा त्यांचा व्यवसाय. घ्या!

तो १९९७ चा सिनेमा काही स्वस्तातला नव्हता. जेनिफर लोपेझ, जॉन व्हॉइट अशी नावाजलेली मंडळी त्यात होती. आपल्याकडे तो हिंदी आवाजात आला आणि गावोगाव पोचला. मग मात्र पेवच फुटलं. २००० साली 'पायथन', २००४ साली 'बोआ व्हर्सेस पायथन', २०११ साली 'मेगा पायथन व्हर्सेस गेटरॉइड', २०१५ साली 'लेक प्लॅसिड व्हर्सेस अ‍ॅनाकोंडा'. कॉम्प्युटरवर काढलेला एकच साप, कपडे बदलावेत तसा रंग बदलून दहा सिनेमांत. मूळ 'अ‍ॅनाकोंडा'चा दुसरा भाग २००४ साली आला, तो घडतो बोर्निओत. आता अ‍ॅनाकोंडा हा दक्षिण अमेरिकेतला प्राणी, बोर्निओत तो पोहत गेला की विमानानं, हे लेखकालाच ठाऊक. तिसरा आणि चौथा भाग (२००८ आणि २००९) तर रोमानियात चित्रित झाले. म्हणजे जंगल कुठलं, साप कुठला, याची कुणाला पर्वाच नाही. आता तर चीनमध्ये थेट इंटरनेटसाठी बनवलेले असले सिनेमे हिंदी आवाजात फुकट बघायला मिळतात. २०२५ च्या नाताळात अमेरिकेत पुन्हा एक 'अ‍ॅनाकोंडा' आला, तो मात्र विनोदी. ज्यांनी हे भूत उभं केलं ते आता स्वतःच त्याला हसताहेत. आमची पोरं मात्र अजून घाबरताहेत.

खोटं कशाला बोलू, अजगराने माणूस गिळल्याच्या खऱ्या घटना आहेत. इंडोनेशियात २०१७ आणि २०१८ मध्ये त्या घडल्या. पण तो जाळीदार अजगर, जगातला सर्वांत लांब साप. अ‍ॅनाकोंडाने माणूस खाल्ल्याची खात्रीलायक नोंद नाही. आणि आपल्याकडचा अजगर? तो दिसला की माणसं गोळा होऊन दगड मारतात आणि मोबाईलवर चित्रीकरण करतात. खाली "अ‍ॅनाकोंडा सापडला" असं लिहून पुढे ढकलतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिलंय, पण सिनेमाने त्याला आधीच गुन्हेगार ठरवलंय.

"आजी, ती फक्त करमणूक आहे, एवढं काय मनावर घेतेस?" हा आमच्या धाकट्या नातवाचा प्रश्न. प्रश्न चांगला आहे, म्हणून नीट उत्तर देते.

आमचं तळेगाव ढमढेरे वेळ नदीच्या काठी. चासकमानच्या कालव्याचं पाणी फिरलं तसा शिरूर तालुक्यात ऊस वाढला. उसात पाचट, पाचटात उंदीर, आणि उंदरामागे साप. यात भयपट काही नाही, सरळ हिशेब आहे. त्या सापांत धामण सर्वांत जास्त दिसते. आठ-आठ फूट लांब, चपळ, आणि पूर्ण बिनविषारी. शेतकऱ्याचं धान्य राखणारी ही बिनपगारी राखणदार. पण लांब आहे ना! लांब म्हणजे भयंकर, हे पडद्याने शिकवलेलं. म्हणून काठ्या पडतात त्या धामणीवर. आणि मण्यार? हातभर ते दोन हात लांब, काळी, अंगावर बारीक पांढरे आडवे पट्टे. ती रात्री निघते, उंदराच्या मागे घरात येते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. चावल्याचं कित्येकदा कळतसुद्धा नाही. सूज नाही, ठणका नाही. मग पहाटे पोटात दुखू लागतं, पापण्या जड होतात, बोलणं बोबडं होतं आणि श्वास थांबतो.

माझ्या वर्गातला एक मुलगा असाच गेला. नाव लिहीत नाही, घरची माणसं आहेत अजून. शेतातल्या वस्तीवर राहायचे. रात्री जमिनीवर झोपलेला, काहीतरी चावलं म्हणून उठला. बापाने बॅटरी मारून पाहिलं तर लहानसा साप भिंतीकडेला गेला. "एवढ्याशा सापानं काय होतंय" म्हणून आधी एका मांत्रिकाकडे नेलं. त्याने पाला बांधला, मंत्र टाकला, "विष उतरलं" म्हणून सांगितलं. सूज नव्हतीच, त्यामुळे सगळ्यांना ते पटलं. सकाळी दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता. शाळेतून आम्ही भेटायला गेलो तेव्हा बाप पुन्हा पुन्हा दोन बोटांमध्ये अंतर धरून दाखवत होता, साप केवढासा होता ते. मोठा असता तर आपण लगेच धावलो असतो, हे त्याला सांगायचं होतं.

हे अज्ञान सिनेमाने जन्माला घातलं असं मी म्हणणार नाही. ते सिनेमाच्या आधीपासून आहे. पण त्याला खतपाणी घालून त्यावर पीक कुणी काढलं? भीती ही राखून ठेवायची, योग्य जागी वापरायची गोष्ट आहे. ती सगळी चाळीस फुटी सापावर उधळली की दीड फुटी सापासाठी शिल्लक राहत नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार, असा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. यातली बहुतेक खेड्यातली. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, यातलं कुणीही माणसाला गिळत नाही. माणूस गिळणाऱ्या सापाने आपल्या देशात किती मारले? उत्तर कोऱ्या वहीत लिहा.

आता कुणी म्हणेल, परदेशी लोकांना नावं ठेवता, आपले सिनेमे काय धुतल्या तांदळाचे? मुळीच नाहीत! १९७६ ची 'नागिन', १९८६ ची 'नगीना', आणि २०१५ पासून टीव्हीवरची 'नागिन' मालिका. नागीण डूख धरते, मारणाऱ्याचा फोटो तिच्या डोळ्यांत उतरतो, पुंगीवर डोलते... सापाला बाहेरचे कान नाहीत, तो गारुड्याच्या हलणाऱ्या पुंगीवर नजर ठेवून असतो. आणि ज्या बीनवर सगळा देश डोलला, ती १९५४ च्या 'नागिन'मधली बीन मुळात बीन नव्हतीच! कल्याणजींनी ती क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेवर चालणाऱ्या वाद्यावर वाजवली होती. वाद्यही खोटं, नागीणही खोटी. तरी एक फरक मला दिसतो. आपल्या गोष्टींत सापाला काहीतरी कारण असतं, कुणीतरी त्याचं वाईट केलेलं असतं. नागपंचमीच्या कहाणीत शेतकऱ्याच्या नांगराने नागाची पिल्लं मरतात, नागीण सूड घेते, पण शेवटी लेकीच्या भक्तीने शांत होते. म्हणून त्या दिवशी नांगर धरत नाहीत. कहाणीत शास्त्र नसेल, पण पिल्लं नांगराखाली सापडतात एवढं तरी तिला ठाऊक आहे. हॉलिवूडच्या सापाला पिल्लं असतात ती फक्त पुढच्या भागाची सोय म्हणून.

आणि जंगल! त्या सिनेमांत जंगल म्हणजे वैरी. शहरातली माणसं तिथे पैसा, औषध, नाहीतर शिकार शोधायला जातात. आगळीक त्यांची, तरी शेवटी स्फोट होतो जंगलात आणि टाळ्या पडतात. मी नोकरीला लागले तेव्हा 'जंगल' या विषयावरच्या निबंधात मोर, हरणं, झरे असायचे. २००८ साली निवृत्त होताना त्याच विषयावर पंधरा वह्यांत अ‍ॅनाकोंडा होता. शिरूर तालुक्यातल्या मुलांच्या वह्यांत! धामण एकाही वहीत नव्हती.

थरार हवाच असेल तर खरा थरार कमी आहे का? पुण्याचे नीलिमकुमार खैरे १९८० साली बहात्तर विषारी सापांबरोबर बहात्तर तास एका खोलीत राहिले. का? तर साप उगीच चावत नाही हे लोकांना दाखवायला. पुढे १९८६ साली कात्रजला सर्पोद्यान उभं राहिलं. आमच्या जिल्ह्यातच नारायणगावला डॉ. सदानंद राऊत कित्येक वर्षं सर्पदंशाचे रुग्ण वाचवताहेत. तमिळनाडूतल्या इरुळा आदिवासींनी १९७८ साली सहकारी संस्था काढली. ते साप पकडतात, विष काढून घेतात आणि साप पुन्हा सोडून देतात. त्या विषापासून आपली लस बनते. पूर्वी ज्यांना कातड्यासाठी साप मारावे लागत, त्यांनीच हे केलं. यावर दोन तासांचा सिनेमा होणार नाही?

मोठाच साप पाहिजे, तर तोही आहे. कच्छमधल्या पानंध्रोच्या लिग्नाइट खाणीत सत्तावीस मणके सापडले. २०२४ साली रुरकीच्या आयआयटीतल्या शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की हा सुमारे पावणेपाच कोटी वर्षांपूर्वीचा साप, अंदाजे अकरा ते पंधरा मीटर लांब. त्याला नाव दिलंय 'वासुकी इंडिकस'. दगड झालेल्या मणक्यांवरून अख्खा साप उभा करायचा, याहून मोठं रहस्य कुठल्या रोमानियातल्या जंगलात मिळणार?

आणि गोष्टच हवी असेल तर महाभारत काढा. परीक्षिताला तक्षक डसला म्हणून जनमेजयाने सर्पसत्र मांडलं. जगातले सगळे साप आगीत येऊन पडताहेत. आजचा कुठलाही सिनेमा इथे संपला असता, नायक घामेजलेला, मागे ज्वाळा. आपल्याकडे मात्र इथे आस्तिक नावाचा मुलगा येतो आणि यज्ञ थांबवतो. त्याची आई नागकन्या, बाप ऋषी. अर्धा इकडचा, अर्धा तिकडचा, म्हणून त्याला दोन्हीकडचं दुःख कळतं. साप मारणाऱ्यापेक्षा मारणं थांबवणारा मोठा, हे आपल्याला इतकं आधीपासून माहीत आहे.

असो. बंदी घाला असं मी म्हणत नाही, बंदीने काही होत नाही. नातवंडांनो, बघा तुमचा अ‍ॅनाकोंडा. पण बघून झाल्यावर मण्यार आणि कवड्या यांच्यातला फरक सांगता आला पाहिजे, नाहीतर पुढच्या सुट्टीत आजी परीक्षा घेणार. गावाकडच्या मंडळींनो, पावसाळ्यात जमिनीवर झोपू नका, बाजेवर मच्छरदाणी लावून झोपा, रात्री बॅटरीशिवाय बाहेर पडू नका. साप चावला तर बांधू नका, कापू नका, चोखू नका, मांत्रिकाचं तोंड पाहू नका. १०८ ला फोन लावा आणि सरकारी दवाखाना गाठा, लस तिथेच मिळते. साप किती लांब होता, ते नंतर मोजू.