मनी काही खाईना!

रविवारी रात्री लातूरहून आईचा फोन. ‘काल सकाळपासनं मनी काही खाईना बघ. तू पुण्याला गेलास ना, रुसलीय ती.’ खरं सांगू? ऐकून बरंच वाटलं. आपल्यासाठी कुणी उपाशी आहे म्हटल्यावर कुणाला नाही वाटणार!

पण बॉस, मांजराचा उपास म्हणजे एकादशी नव्हे. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही, की अंगातली चरबी यकृतात साठायला लागते. गुबगुबीत मांजरांना धोका जास्त. यात जीवही जाऊ शकतो. म्हणून हिशेब साधा ठेवा : मोठ्या मांजरानं 24 तास काहीच खाल्लं नाही, तर डॉक्टर गाठायचा. पिल्लासाठी तेवढंही थांबायचं नाही. आणि बोका सारखा लघवीला बसतोय पण होत नाहीये, तर रात्र असली तरी निघायचं.

‘ताटलीजवळ येते का गं?’ मी विचारलं. ‘येते, हुंगते, घास उचलते नि टाकून देते.’ म्हणजे भूक आहे, खाता येत नाहीये! अशा वेळी दात, हिरडी, तोंडातली जखम यांचा संशय आधी घ्यायचा. सर्दीनं नाक बंद असेल तरी मांजर जेवत नाही. त्याची भूक वासावर चालते. मग खाणं किंचित कोमट करून बघावं. घरातलं माणूस गेलं, एप्रिल-मेचं ऊन तापलं, तरी खाणं कमी होतं. पण कमी होणं वेगळं, बंद होणं वेगळं.

‘अर्धी तापाची गोळी देऊ?’ आई म्हणाली. मी ओरडलोच! पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. बळजबरीनं दूधही पाजू नका, ते फुफ्फुसात जाऊ शकतं.

सोमवारी सकाळी मनी पिशवीत बसून दवाखान्यात. दारात एक देवणी गाय, मागं आमची मनी. निदान : दाढ किडकी, हिरडी सुजलेली. (लातूर-नांदेडकरांनो, उदगीरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्याच भागात आहे, विसरू नका.)

दाढ काढली. गुरुवारी फोन आला, ‘जेवली बाई एकदाची!’

‘मग तो रुसवा?’

‘तो माझा होता. सुट्टी टाक नि ये.’