हौदात पुडी, दवाखान्याला कुलूप



गुरांच्या दवाखान्याला कुलूप दिसलं की आपण औषधाच्या दुकानाची पायरी चढतो. दुकानदार पुडी देतो आणि सांगतो, "हौदात टाका, सगळी पितील." ही रीत कोंबड्यांच्या शेडमधली. तिथे हजारो पक्षी एका वयाचे, एका वजनाचे. एकेकाला धरून पाजणं शक्य नाही, म्हणून मोजलेल्या पाण्यात मोजलेलं औषध देतात. आपल्या गोठ्यात बैल आहे, कालवड आहे, दोन शेळ्या आहेत आणि हौद एकच आहे!

कोरड्या कडब्यावरचा बैल उन्हाळ्यात चाळीस-पन्नास लिटर पाणी ओढतो. हिरवा चारा मिळाला की तोच बैल बरंच कमी पितो. मग पुडीचा हिशेब कोणत्या पाण्यावर करायचा? आणि ज्याला औषध हवं तोच पीत नाही. तापाने फणफणलेलं जनावर हौदाकडे पाहतही नाही. धडधाकट बैल त्याच्या वाट्याचं औषध पिऊन मोकळा होतो. लाळ्या-खुरकुतात तर तोंडच सोललेलं असतं. तो रोग विषाणूचा. २०२२ साली आपल्या गोठ्यांत पसरलेला लम्पीही विषाणूचाच. अँटिबायोटिकने विषाणू मरत नाही. (जखम चिघळली तर डॉक्टर ते देतात, ती गोष्ट निराळी.)

बैलाच्या कोटीपोटातले जंतू कडबा पचवतात. तोंडावाटे अँटिबायोटिक गेलं की तेच मरतात आणि बैल चारा सोडतो. ऐन पेरणीत बैल बसला तर त्याची भरपाई कोण देणार? गायीच्या दुधात औषध उतरलं तर विरजण लागत नाही. डेअरी दूध परत करते आणि गुन्हेगार ठरतो शेतकरी. कोलिस्टिन हे माणसाच्या अखेरच्या उपायाचं औषध. ते कोंबड्यांना इतकं चारलं गेलं की २०१९ साली केंद्राला पशुपालनात त्यावर बंदी घालावी लागली.

सरकार सांगतं, १९६२ ला फोन करा, फिरता दवाखाना दारात येईल. योजनेचं माप काय? एक लाख जनावरांमागे एक गाडी! त्या गाडीने एकही सुट्टी न घेता रोज वीस जनावरं तपासली, तरी वर्षाला ७,३०० होतात. बाकीच्यांनी पुडीच प्यायची काय?

दुकानदाराशी आमचं भांडण नाही. रिकाम्या खुर्चीने त्याला गिऱ्हाईक मिळवून दिलं. आमची मागणी कायम डॉक्टरची आहे, गोठ्यात येऊन जनावराला हात लावणाऱ्या डॉक्टरची. जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने दोन गोष्टी लिहून आणाव्यात: गावात जनावरं किती, आणि डॉक्टर शेवटचा कोणत्या तारखेला आला.