शरीराची कैफियत

आयर्लंडच्या मूळ भाषेत भुकेला मनुष्य 'ता ओक्रस ओरम', म्हणजे 'भूक माझ्यावर आहे', असे म्हणतो, हे प्रथमच ऐकणाऱ्या पंडितास कितीही विलक्षण वाटले, तरी सोलापूर जिल्ह्यातील अकलूजच्या बाजारात आलेल्या शेतकऱ्यास त्याचे नवल वाटण्याचे कारण नाही. कारण त्यालाही भूक 'लागते', ती तो 'करीत' नाही. आपली 'भूक' संस्कृत 'बुभुक्षा' शब्दापासून प्राकृताच्या वाटेने आली. बुभुक्षा म्हणजे खाण्याची इच्छा. 'बुभुक्षते' म्हणताना ती इच्छा धरणारा मनुष्य प्रथमेत कर्ता म्हणून उभा असे. मराठीने त्याला चतुर्थीत बसवून कर्तेपद भुकेच्या हवाली केले. याच सोलापूर जिल्ह्यात अक्कलकोटकडचा कानडी भाषिक 'ननगे हसिवागिदे' म्हणतो, तेव्हा त्याच्या 'ननगे'मध्येही आपला 'मला'च असतो.

'मळमळते' हे क्रियापद तर कर्त्यावाचूनच चालते. शाळेत ते भावकर्तृक म्हणून दोन गुणांपुरते पाठ होते आणि परीक्षेनंतर विसरले जाते, याचे मला वैषम्य वाटते. कारण खरा प्रश्न शाळेबाहेरचा आहे. गळीत हंगामात बीडकडून या ऊसपट्ट्यात आलेला तोडणी मजूर जेव्हा 'मला मोळी उचलवत नाही' म्हणतो, तेव्हा त्या एका 'वत'मध्ये इच्छा शाबूत असून अंग साथ देत नाही, एवढी सगळी कैफियत सामावलेली असते. तिची नोंद 'मजूर मोळी उचलत नाही' अशी झाली, की आजाराचा नकार होतो, आणि आगाऊ उचल घेतलेल्या इसमाने दिलेला नकार मुकादमाच्या हिशेबी काय ठरतो, हे या भागात कोणास सांगावयास नको.

दवाखान्यातील केसपेपरावरही हेच घडते. ठणकणे, ठसठसणे, चरचरणे, सलणे, चमक भरणे, मुंग्या येणे या प्रत्येकात वेदनेची निराळी जात आहे, आणि अनुभवी वैद्य त्यावरून निदानाची दिशाही धरतो. कागदावर मात्र 'दुखते' एवढेच उरते. रुग्णाची मुख्य तक्रार त्याच्याच शब्दांत लिहावी, हा पाठ वैद्यकाच्या विद्यार्थ्यास आरंभीच मिळतो. तेव्हा सरकारी दफ्तरात त्यासाठी मराठीचा एक रकाना राखावा, आणि तो भरणाऱ्याने रुग्णाच्या तोंडचे क्रियापद सुधारू नये, इतकीच मागणी आहे.