छातीवरचा मूक साक्षीदार

क्ष-किरण विभागातील तंत्रज्ञाच्या छातीवर अडकवलेली एक लहानशी, चपटी डबी आपण पाहिली असेल. पुष्कळांना ते ओळखपत्र वाटते, तर काहींना किरणांपासून रक्षण करणारे कवच. दोन्ही समज चुकीचे आहेत. तो ‘टीएलडी बॅज’ होय. तो एकही किरण अडवत नाही. अंगावर किरणोत्सर्गाची किती मात्रा पडली, एवढेच तो टिपून ठेवतो.

या नोंदीची गरज इतिहासाने शिकविली आहे. किरणोत्सर्गाला रंग नाही, गंध नाही, स्पर्शही नाही. रोंटगेन यांनी १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लावल्यानंतर एडिसन यांचा सहायक क्लॅरेन्स डॅली हा क्ष-किरणांच्या नळ्या तपासण्यासाठी स्वतःचा हात वारंवार त्यांच्यासमोर धरत असे. पुढे कर्करोगापायी त्याला दोन्ही हात गमवावे लागले आणि १९०४ साली, अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, त्याचा मृत्यू झाला. आपल्या शरीरात किती किरण शिरत आहेत, हे सांगणारे कोणतेही साधन त्याच्यापाशी नव्हते.

आज ते साधन आहे. भारतात वापरल्या जाणाऱ्या बॅजमध्ये डिस्प्रोशियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात. किरणांची ऊर्जा या स्फटिकांत अडकून राहते. प्रयोगशाळेत त्यांना उष्णता दिली की ती प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते आणि त्या प्रकाशावरून मात्रा मोजली जाते. रुग्णालयांतील बॅज सामान्यतः दर तीन महिन्यांनी तपासणीसाठी पाठविले जातात.

अणुऊर्जा नियामक मंडळाने किरणोत्सर्गात काम करणाऱ्यांसाठी मर्यादा आखून दिली आहे: सलग पाच वर्षांची सरासरी काढता वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्टपेक्षा अधिक नाही. सर्वसामान्य नागरिकांसाठी ही मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे. मर्यादेच्या आत राहिलो म्हणजे निष्काळजी व्हावे, असे मात्र नव्हे. मात्रा शक्य तितकी कमी ठेवणे, हेच धोरण असले पाहिजे.

बॅज खरे बोलतो, पण तो योग्य रीतीने वापरला तरच. तो छातीच्या उंचीवर लावावा. शिशाचा एप्रन घातला असेल तर एप्रनच्या आत. काम संपल्यावर एप्रनसकट तो क्ष-किरण खोलीतच टांगून ठेवला, तर आपल्या वाट्याला न आलेली मात्राही आपल्या नावावर चढते. दुसऱ्याचा बॅज वापरू नये. स्वतःची क्ष-किरण तपासणी करून घेताना तो काढून ठेवावा. उन्हात, उष्णतेजवळ किंवा धुवायच्या कपड्यांच्या खिशात तो राहू देऊ नये. दिवसाच्या शेवटी सर्व बॅज, नियंत्रण बॅजसह, किरणांपासून दूरच्या जागी ठेवावेत.

सर्वांत घातक सवय निराळीच आहे. मात्रा जास्त निघाली तर काम सुटेल, या भीतीने काही जण बॅज टेबलाच्या खणात ठेवूनच काम करतात. तीन महिन्यांनी अहवालात शून्य येते आणि घरचेही निर्धास्त होतात. ते शून्य खणाचे असते, शरीराचे नव्हे. मोठा आकडा आला तर चौकशी होते: बॅज खोलीत राहिला होता का, एप्रनला भेगा पडल्या आहेत का, यंत्रात दोष आहे का, कामाची पद्धत चुकते आहे का? खोट्या शून्यामुळे यांपैकी एकही प्रश्न विचारला जात नाही. सदोष यंत्र तसेच चालू राहते, आणि त्याची झळ शेजारी उभ्या असलेल्या सहकाऱ्यालाही पोचते.

गर्भवती भगिनींनी तर विलंब करूच नये. गर्भधारणेची माहिती संस्थेला दिल्यानंतर उरलेल्या काळात गर्भाला मिळणारी मात्रा १ मिलिसिव्हर्टच्या आत राहील, अशी कामाची व्यवस्था करावी लागते. हे संरक्षण माहिती दिल्यावरच लागू होते. म्हणून संकोचाने गप्प राहण्यात बाळाचे नुकसान आहे.

आपल्या घरातील कोणी क्ष-किरण, सीटी स्कॅन, कॅथ लॅब किंवा कर्करोगावरील किरणोपचाराच्या विभागात काम करीत असेल, तर त्यांना दोन प्रश्न अवश्य विचारा. बॅज रोज लावता का? मागच्या तिमाहीचा अहवाल स्वतः पाहिलात का? तो अहवाल पाहणे हा कर्मचाऱ्याचा हक्क आहे. त्याची प्रत औषधांच्या कागदपत्रांबरोबर जपून ठेवावी, आणि नोकरी बदलताना आपला टीएलडी क्रमांक नव्या संस्थेला आठवणीने कळवावा, म्हणजे आयुष्यभराच्या मात्रेचा हिशेब तुटणार नाही.